दुपारी अडीच

रात्री साडेदहाला मालिका लागते
आणि मी वही घेऊन बसतो.
तीस वर्षं रायटर हवालदार होतो,
हात रिकामा राहवत नाही.

भाग एकशे बारा. मयताच्या पोटरीवर डास बसला
आणि पोटरी हलली.
भाग एकशे सोळा. फौजदाराच्या खांद्यावर
आत शिरताना दोन स्टार, बाहेर पडताना तीन.
त्याच भागात पंचनामा चालू, पंच कुठेच नाहीत.
चहा अर्धा, मग काठोकाठ, मग परत अर्धा.
चौकीच्या पाटीवर पुणे,
खिडकीबाहेर नारळाची झाडं आणि खारं ऊन.
स्वारगेटहून सुटलेली जीप
एका जाहिरातीत नांदेड फाट्याला पोचते,
सिंहगड रस्त्यानं, संध्याकाळी सात वाजता!
शालन म्हणते, "अहो, त्या बाईचं मंगळसूत्र बघा,
आत्ता रडत होती तेव्हा गळ्यात नव्हतं."
तेही लिहितो. तिच्या नावावर.

काल एकशे एकविसावा.
खुनी रविवार पेठेत दोरखंड घ्यायला जातो,
भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे अडीच,
आणि दुकानदार हसून म्हणतो, या, या.
शालन इतकी हसली की ठसका लागला तिला.
पुण्यात! अडीचला! आणि वर या, या!
मी पेनाचं टोपण काढलं
आणि तसाच बसून राहिलो.

हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

'सदर इसम नामे गुलाब मारुती तांदळे याने
दुपारी अडीचचे सुमारास रविवार पेठेतील
भांड्यांचे दुकानातून सुरा विकत घेतला.'
साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो.
अडीचच का, तर खून तीनचा होता
आणि मधला अर्धा तास चालायला पुरत होता.
निळी शाई. खाडाखोड नाही.
पंच दोन, समोरचा चहावाला
आणि आमचा नेहमीचा,
त्या वर्षी सव्वीस ठिकाणी हजर असलेला.

शिवाजीनगर कोर्टात मी वाट बघितली,
कोणीतरी उठेल म्हणून.
सरकारी वकील सदाशिव पेठेतले,
स्वतः जेवून डुलकी काढणारे,
त्यांनी कागद पुढे सरकवला.
आरोपीचा वकील कोर्टानं दिलेला, पोरगेलासा, सोलापूरचा.
न्यायाधीश अकोल्याहून नुकतेच बदलून आलेले.
दुकानदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, होय, अडीच.
एकला शटर ओढायचा तो, चारला उघडायचा,
शटरवर रंगानं लिहिलेलं होतं, ठळक.
मी त्याच्याकडे बघितलं नाही,
त्यानं माझ्याकडे.

गुलाब एकदाच बोलला,
"साहेब, तेव्हा तिथं दुकानं बंद असतात."
विचारलं तेवढंच सांग, असं कोणीतरी म्हणालं.
कोण, ते आता आठवत नाही.
टंकलेखनाच्या यंत्रानं ते घेतलं नाही,
एवढं मात्र आठवतं.

जन्मठेप.
त्यानं खून केला असेलही, नसेलही.
मला एवढंच ठाऊक
की सुरा त्या वेळेला मिळत नाही.
पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

साहेब सत्काराच्या शालीसकट निवृत्त झाले.
मला अक्षर सुवाच्य असल्याबद्दल
एकशे एक रुपयांचं बक्षीस मिळालं होतं,
त्यातून शालनला मिक्सरचं भांडं आणलं.
अजून चालतं.

आज एकशे बाविसावा.
मयत पांढऱ्या चादरीखाली.
कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही
आणि छातीवरची चादर वर येते, खाली जाते.
शालन कोपरानं ढोसते, "लिहा की."
वही मांडीवर उघडीच आहे.
मी त्या चादरीकडे बघतो.
बिचारा.
किती वेळ रोखून धरणार.